सोपान घुगेच्या मनातलं वाक्य

सोपान घुगे बावीस वर्षं देवरे रोडलाइन्समध्ये ट्रक चालवत होता आणि एवढ्या काळात कंपनीबद्दल एकही वाकडा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. मनातलं वेगळं. मनातलं कोण बघतो, असा तोपर्यंत जगाचा रिवाज होता. २०४१ सालच्या मार्चमध्ये तो रिवाज नाशिकपुरता तरी मोडला.

झालं असं, की कंपनीत गळपट्टे आले.

गळपट्टा म्हणजे बोटभर रुंदीची मऊ काळी पट्टी. गळ्याला लावायची, कंठमण्याच्या जरा खाली. माणूस शब्दांत विचार करतो तेव्हा मेंदू जिभेला आणि घशाला बोलायचा अगदी पुसटसा हुकूम सोडतो. ओठ हलत नाहीत, आवाज फुटत नाही, पण घशाच्या स्नायूंतून व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाएवढी लहर जाते. पट्ट्यातले तीन सेन्सर ती लहर टिपतात आणि तिच्यावरून शब्द ओळखतात. त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरला आधी दोन तास मोठ्याने वाचून दाखवावं लागलं होतं, म्हणजे पट्ट्याला त्या-त्या घशाची ओळख पटावी. पहिला पट्टा मालक प्रल्हाद देवरे, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, यांनी स्वतः घातला होता. उद्घाटनाला फोटोग्राफर होते, म्हणून भाऊंनी दोन तास कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला. ऐकणारे तीन लोक झोपले.

आणि झोपेसाठीच तर हे यंत्र होतं. झोप डोळ्यांत उतरण्याच्या तीन-चार मिनिटं आधी माणसाच्या विचारांत उतरते. वाक्यं सुटी व्हायला लागतात. जागा माणूस मनात म्हणतो, ‘पुढच्या पंपावर हवा भरू.’ पेंगुळलेला म्हणतो, ‘पुढच्या पंपावर मावशीची चप्पल डाळीत.’ असं वाक्य आलं रे आलं की खुर्ची थरथरायची, ट्रक आपल्या अकलेने रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि वीस मिनिटं काही केल्या चालू व्हायचा नाही. कुणी चावी फिरवली, कुणी हात जोडले, कुणी डॅशबोर्डला लाथ मारली. वीस म्हणजे वीस. पहिल्या तीन महिन्यांत कंपनीच्या एकशे चाळीस गाड्यांपैकी एकीलाही साधा ओरखडा आला नाही. ड्रायव्हर मंडळी पट्ट्याला ‘चुगलखोर’ म्हणायची, पण प्रेमाने म्हणायची.

शब्द दहा सेकंदांत पुसले जातात, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

इकडे भाऊंच्या डोक्यात बरेच दिवस एक किडा वळवळत होता. आपल्याकडे काम करताना ड्रायव्हरांना खरंच काय वाटतं? दरवर्षी फॉर्म वाटले जायचे आणि एकशे चाळीस फॉर्मवर ‘फार छान वाटते’ असं एकाच वळणदार अक्षरात लिहून यायचं, कारण ते सगळे फॉर्म कँटीनमध्ये बसून सोपानच भरायचा. भाऊंना अक्षर ओळखीचं वाटायचं, पण एवढी सगळी मंडळी खूश आहेत म्हटल्यावर अक्षरावरून कोण वाद घालतो?

जूनमध्ये केतकी मॅडम त्यांच्या केबिनमध्ये टॅब्लेट घेऊन आल्या. केतकी सबनीस कर्मचारी विभाग बघायच्या. हुशार, नीटस, आणि ट्रकमध्ये आयुष्यात एकदाच बसलेल्या, तेही उद्घाटनाला.

“भाऊ, पट्टा बनवणाऱ्या कंपनीने एक अहवाल फुकट पाठवलाय. ड्रायव्हर मनात काय-काय म्हणतात त्याचा.”

“पण ते शब्द पुसतात ना?”

“पट्ट्यातून पुसतात. पुसण्याआधी पुण्याला त्यांच्याकडे जातात. करारात बाराव्या पानावर होतं.”

बारावं पान कुणी वाचत नाही. भाऊ खुर्चीत पुढे सरकले. “आलेच आहेत तर बघू. माझ्याबद्दल काय म्हणतात?”

केतकी मॅडमनी घसा साफ केला. तीन महिन्यांत ड्रायव्हरांनी मनात मिळून सुमारे नऊ कोटी शब्द उच्चारले होते. पहिल्या नंबरवर होतं कारखान्यांच्या गेटवर ताटकळणं. दुसऱ्यावर लघवी. तिसऱ्यावर कंबर. मग मुलंबाळं, चहा, पुढचा गाढव नीट का चालवत नाही, वगैरे. कंपनी एकोणिसाव्या नंबरवर होती.

“आणि मी?”

“एकतिसाव्या.”

“तिसाव्यावर कोण आहे?”

“मोसंबी.”

भाऊ खुर्चीत मागे टेकले. “शिव्या तरी असतील?”

“अकरा.”

“एकशे चाळीस जण, तीन महिने, आणि अकरा? अहो, माझा सख्खा मेव्हणा एका जेवणात याहून जास्त देतो!” त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. माणसाला प्रेम मिळालं नाही तर तो सोसतो, शिव्या मिळाल्या तर भांडतो. पण मोसंबीच्या खाली नंबर लागला तर त्याने करायचं काय?

“एक गोष्ट मात्र आहे,” केतकी मॅडम म्हणाल्या. “ड्रायव्हर क्रमांक सात. एकच वाक्य, तीन महिन्यांत एकशे बारा वेळा. ‘पुढच्या महिन्यात सोडतो ही नोकरी.’ बहुतेक वेळा चंदनापुरी घाटाच्या माथ्यावर.”

अहवालात नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण सात नंबर सोपान घुगेचा आहे, हे आवारातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सोपानला केबिनमध्ये बोलावणं आलं. भाऊंनी त्याला बसायला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“सोपान, तुला इथं काही कमी आहे का रे?”

“नाही भाऊ. फार छान आहे.”

“मग सोडतोस कशाला?”

सोपानला कळेना. भाऊंनी टॅब्लेट त्याच्यापुढे सरकवला. आपलंच मनातलं वाक्य छापील अक्षरांत, तारीख-वेळेसकट, एकाखाली एक मांडलेलं बघून त्याला भर ऑफिसात धोतर फिटल्यासारखं झालं. तो धोतर नेसत नव्हता, तरीही.

“भाऊ, हे... हे मी पहिल्या वर्षापासून म्हणतोय.”

“बावीस वर्षं सोडायचं म्हणतोयस?”

“तसं नाही. ही कुकरची शिट्टी आहे. घाट चढला की वाजते. ती वाजते म्हणून तर कुकर फुटत नाही. तुम्ही शिट्टी ऐकून म्हणताय, कुकर पळून चालला.”

भाऊंनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते सोपानशी गोड वागायला लागले. सकाळी गेटवर स्वतः विचारायचे, “बरं आहे ना?” वाढदिवस नसताना पेढे पाठवले. सीटसाठी नवी गादी दिली. आणि मालक गोड बोलायला लागला की ड्रायव्हरने आधी ब्रेक तपासावेत, हे सोपानला कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे घाटाच्या माथ्यावर आता त्याच्या मनात शिट्टी वाजेना. वाक्य ओठांशी यायच्याही आधी त्याला भाऊंचा उतरलेला चेहरा दिसायचा, आणि वाफ आतच राहायची. दोन आठवड्यांत तो बायकोवर, वर्तमानपत्रवाल्यावर आणि एका सिग्नलवर खेकसला.

“झालंय तरी काय?” शेवटी ललिताने, त्याच्या बायकोने, विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

“एवढंच होय? मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “झोपेत म्हणता तुम्ही. आधी मी घाबरायचे. मग एकदा तुम्ही म्हणालात, ‘पुढच्या महिन्यात सोडतो,’ आणि लगेच म्हणालात, ‘आधी टायर बदलू दे.’ तेव्हापासून मी निवांत झोपते.”

“तू कधी बोलली नाहीस!”

“ऐकलं म्हणून बोलायलाच हवं, असं कुठं असतं?”

हे शहाणपण पुण्याच्या कंपनीकडे नव्हतं. सोपानने आवारातल्या पिंपळाखाली ड्रायव्हरांना गोळा केलं आणि पट्टा काय करतो ते सांगितलं. प्रत्येकजण गेल्या तीन महिन्यांत आपण मनात काय-काय म्हणालो ते आठवत होता, आणि बऱ्याच जणांचे कान लाल होत होते.

“पट्टा काढून फेकू,” कुणीतरी म्हणालं.

“पट्ट्याशिवाय गाडी सुरूच होत नाही,” युसूफ पिंजारी म्हणाला. युसूफ सोपानपेक्षा चार वर्षांनी लहान, त्याचा जुना जोडीदार. दोघांनी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला होता. “दादा, तुम्हीच काहीतरी अक्कल काढा.”

सोपानने अक्कल काढली. मनात सतत एकच वाक्य म्हणत राहायचं, चाकांच्या ठेक्यावर. दुसरं काही शिरायला फटच ठेवायची नाही. आणि म्हणायचंच आहे तर मालकाला गोड लागेल असंच म्हणावं. त्याने वाक्यही दिलं: ‘भाऊंचं मन मोठं, भाऊंचं मन मोठं.’

दोन दिवसांत सगळ्यांना जमलं. घोटीपासून बडोद्यापर्यंत आणि सिन्नरपासून सोलापूरपर्यंत एकशे चाळीस ट्रक भाऊंचं मन मोठं म्हणत धावायला लागले. आठवड्याने आलेल्या पुढच्या अहवालात भाऊ एकतिसाव्या नंबरवरून थेट पहिल्यावर गेले. लघवी दुसऱ्या क्रमांकावर टिकून होती. मोसंबी पार दिसेनाशी झाली.

भाऊंनी अहवाल तीनदा वाचला आणि चष्मा पुसला. “केतकी, पेढे कामाला आले बघ.”

“पण भाऊ, सगळ्यांचं वाक्य शब्दन्‌शब्द सारखंच कसं?”

“खरं असलं की सारखंच असतं.”

नवव्या दिवशी, भर दुपारी जेवण झाल्यावर, चांदवडच्या अलीकडे युसूफ पिंजारीचा ट्रक रस्ता सोडून शेतात उतरला आणि कांदा साठवायच्या एका चाळीत घुसला. युसूफला सुदैवाने नाकावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चाळीत माणूस नव्हतं. पण दोनशे पोती कांदा चौफेर उधळला, आणि चाळीची मालकीण, दांडगी बाई, हातात खुरपं घेऊन उभी राहिली आणि शेवटचा कांदा वेचून होईपर्यंत तिने युसूफला हलू दिलं नाही. सोपान पोहोचला तेव्हा तो शेतात उकिडवा बसून कांदे निवडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“दादा, डोळा लागला. पट्टा बोललाच नाही.”

पट्टा बोलणार कसा? घोटवलेलं वाक्य माणूस अर्धवट झोपेतही बिनचूक म्हणतो. जप आणि जागेपण यांचा संबंध नसतो, हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. अपघाताआधीच्या चार मिनिटांची नोंद काढली तेव्हा युसूफच्या घशाने बासष्ट वेळा स्वच्छ, नीटनेटकं म्हटलं होतं: भाऊंचं मन मोठं. डोळे कधीच मिटले होते.

सोपान चांदवडहून परतला. घरी आला, ताटावर बसला, आणि घास तोंडाशी नेऊन खाली ठेवला.

“माझ्यामुळे मेला असता गं तो.”

ललिताने त्याच्याकडे बघितलं. “एकशे चाळीस जणांना मंत्र दिलात. आता भाऊंना पण जाऊन सांगा, गुरू कोण होता ते.”

“काढून टाकतील.”

“मग पुढच्या महिन्याचं काम या महिन्यात होईल.”

सकाळी तो केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळा झाला. भाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पहिला नंबर हातातून गेला होता.

“म्हणजे एकालाही तसं वाटत नव्हतं?”

“वाटत असेलही भाऊ. पण ते आम्ही म्हणत नव्हतो. आम्ही लपत होतो. तुम्ही शब्द ऐकताय म्हटल्यावर पट्टा झोप पकडणार कसा? लपलेला माणूस झोपला काय नि जागा काय.”

“मी मालक आहे. माझी माणसं काय विचार करतात ते मला कळायला नको?”

सोपानने भिंतीवरच्या खेपांच्या पाटीकडे बोट केलं. “उद्या चाकणची खेप आहे. तुम्ही चला गाडीत.”

“चल,” भाऊ तावातावाने म्हणाले. “आणि मीही पट्टा घालतो. मला लपवायचंय काय?”

सकाळी सहाला निघाले. भाऊ चौसष्ट वर्षांचे, मधुमेही, पण तरुणपणी त्यांनी स्वतः आठ वर्षं ट्रक चालवला होता आणि लायसन्स अजून जिवंत ठेवलं होतं. संगमनेरपर्यंत ते जुन्या आठवणी सांगत होते. दहा वाजता चाकणच्या कारखान्याच्या गेटवर पोहोचले. पुढे सव्वीस ट्रक उभे होते.

अकरा वाजता भाऊ गेटवरच्या शिपायाकडे गेले. “गाडी कधी घेणार?”

“ड्रायव्हर कुठाय?”

“गाडीत.”

“मग त्याला पाठव. किन्नर लोकांशी मी बोलत नाही.”

साठ ओलांडलेल्या, एकशे चाळीस ट्रकांच्या मालकाला आयुष्यात प्रथमच कुणी किन्नर म्हटलं होतं, ट्रकवरचा हरकाम्या. भाऊंनी राग गिळला, कारण त्यांना त्याहून तातडीची गरज होती. “आत बाथरूम आहे ना?”

“आहे. ड्रायव्हर-किन्नरांना आत सोडत नाहीत.”

“मग ते कुठे जातात?”

शिपायाने समोरच्या रस्त्याकडे, त्यापलीकडच्या भिंतीकडे आणि एकुणात महाराष्ट्राकडे हात केला.

भाऊ तीनदा भिंतीपलीकडे जाऊन आले. तिसऱ्या वेळी एका कुत्र्याने हरकत घेतली. दोन वाजता ऊन केबिनमध्ये उतरलं. अडीच वाजता सोपानने डॅशबोर्डवरचा पडदा भाऊंकडे वळवला. त्यावर भाऊंच्या मनातले गेल्या दहा सेकंदांचे शब्द येत-जात होते.

*लघवी. सावली. कंबर गेली. हा शिपाई मला ओळखत नाही? लघवी. मोसंबीचा रस मिळाला तर.*

“मोसंबी,” सोपान म्हणाला.

भाऊंनी पडद्याकडे बघितलं. मग सोपानकडे. मग ते हसायला लागले, आधी नाकातून, मग पोटातून, इतके की त्यांना चौथ्यांदा भिंतीपलीकडे जावं लागलं.

परत आले ते गंभीर होऊन. त्यांनी फोन काढला आणि केतकी मॅडमना सांगितलं, “पुण्याला कळव. शब्द पट्ट्यातच जन्मले पाहिजेत आणि पट्ट्यातच मेले पाहिजेत. एक अक्षर बाहेर गेलं तर पट्टे परत. आणि आलेत ते अहवाल माझ्यासकट कुणालाही न दाखवता पुसून टाक.” मग ते सोपानला म्हणाले, “साडेचार तास झाले. गाडी फिरव.”

“भाऊ, माल उतरायचाय. मोठं गिऱ्हाईक आहे.”

“माहीत आहे. दर दिवाळीला मी त्याच्या मॅनेजरच्या बाथरूमपर्यंत जाऊन येतो. संगमरवरी आहे. फिरव.”

बावीस वर्षांत देवरे रोडलाइन्सचा भरलेला ट्रक गेटवरून कधी परत फिरला नव्हता. सव्वीस ट्रकांच्या ड्रायव्हरांनी माना बाहेर काढून तो सोहळा पाहिला. राजगुरुनगरला पोहोचेपर्यंत मॅनेजरचा फोन आला. आत मशीन थांबायची वेळ आली होती.

“गेटवर ड्रायव्हरांसाठी संडास, सावली, आणि दोन तासांत गाडी आत,” भाऊ म्हणाले. “लिहून पाठवा. आलं की वळतो.” आणि फोन ठेवून त्यांनी एखाद्या पोरासारखं विचारलं, “सोपान, मी चालवू का जरा?”

सोपानने गाडी थांबवली आणि जागा बदलली. भाऊंनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. पहिले दोन किलोमीटर ते जपून होते. मग रस्ता मोकळा मिळाला, खिडकीतून वारा आला, दोन्ही बाजूंना ऊस डोलायला लागला, आणि पडद्यावर शब्द उमटले: *हॉर्न दादा ऊस सासरा निळा गेला रे गेला आई.*

खुर्ची थरथरली. ट्रक शहाण्यासारखा डावीकडे झाला, कडेला उभा राहिला आणि बंद पडला.

“अरे! मी जागा आहे!” भाऊ ओरडले. “इतका जागा मी दहा वर्षांत नव्हतो!”

“त्याला झोप आणि आनंद यांतला फरक कळत नाही, भाऊ. दोन्हींत वाक्यं सुटीच होतात.”

“चालू कर लवकर.”

“वीस मिनिटं होत नाही.”

“हा मूर्ख नियम कुणी केला?”

वीस मिनिटांचा नियम आपणच घातला होता, हे भाऊंना आठवलं. ते हाशहुश करत खाली उतरले, बांधावरच्या बाईकडून चार पेरू घेऊन आले आणि ट्रकच्या सावलीत चाकाला टेकून बसले. एक पेरू त्यांनी सोपानला दिला. गळ्यातला पट्टा सोडवून खिशात ठेवला. सोपानचाही सोडवायला लावला.

“आता सांग,” ते म्हणाले. “माझ्याकडे काम करताना तुला काय वाटतं?”

“फार छा—” सोपान सवयीने सुरू झाला आणि थांबला. पेरूचा एक घास घेतला. “खरंच सांगू?”

“सोडणार आहेस का, तेही सांग.”

“आधी सगळं ऐकून घ्या. मग ठरवू, कोणी कोणाला सोडायचं ते.”

आणि तो बोलायला लागला. अंगणवाडीच्या पोरासारखा आधी अडखळत, मग घाट उतरावा तसा. कंबरेचं सांगितलं. गुजरातच्या एका गेटवर बापाच्या दहाव्याचा दिवस गेला ते सांगितलं. बाळंतपणाला पोहोचला तेव्हा पोरगी चार दिवसांची होती ते सांगितलं. आणि मध्येच, मान खाली घालून, हेही सांगितलं, की भल्या पहाटे भरलेली गाडी घेऊन आवारातून बाहेर पडताना गेटवरचा माणूस सलाम करतो तेव्हा अजून छाती भरून येते. भाऊ पेरू हातात तसाच धरून ऐकत होते.

वर केबिनमध्ये टिंग वाजलं. यंत्राचा मंजूळ आवाज आला: “विश्रांती पूर्ण झाली. आता निघू शकता.”

भाऊ गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

“बसा,” सोपान म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मालकाला बसायला सांगितलं. “अजून पहिल्याच वर्षात आहे मी.”